पारणे राहून गेलेले व्रत

जुन्नरच्या आसमंतात दोन शिलालेख आहेत. इतिहासाच्या पुस्तकांत दोन्हींची नोंद सापडते, पण ते शेजारी-शेजारी ठेवून क्वचितच वाचले जातात. पहिला नाणेघाटातल्या लेण्यात आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो आणि त्याचा काळ साधारण इसवी सनापूर्वीचे पहिले शतक. केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणांची लांबलचक यादी त्यात आहे. त्यातच राणीचे वर्णन येते: महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जिणे जगणारी. दुसरा शिवनेरीच्या पोटातल्या बौद्ध लेण्यात आहे आणि तो अगदी आखूड आहे. चिट नावाच्या एका यवनाने संघाला भोजनमंडप दान दिला, एवढेच तो सांगतो. एका लेखात न जेवण्याचा गौरव आहे, तर दुसऱ्यात जेवणाची सोय करून दिल्याचे पुण्य. ज्या भिक्खूंसाठी हा मंडप खोदला गेला ते माध्यान्हीनंतर अन्नाला न शिवण्याच्या नियमाने बांधलेले होते, तरीही त्यांच्या जेवणाला खडकात जागा करून देणे हा धर्मच मानला गेला. पुढच्या दोन हजार वर्षांत नाणेघाटातली स्तुती आपल्या अंगवळणी पडली आणि शिवनेरीवरचे दान मात्र आपण विसरलो. आज उपवास करून, दोन वेळच्या जेवणाचा नेम पाळून किंवा डॉक्टरांनी दिलेले इंजेक्शन घेऊन वजन उतरवणाऱ्याची आपण वाहवा करतो. त्यानंतर तोच माणूस शरीर बांधायला लागला, की ‘आता कशाला देहाचे एवढे चोचले?’ असे विचारतो. हा प्रश्न धार्मिक आहे आणि त्याला तशाच गांभीर्याने उत्तर द्यायला हवे.

आधी वस्तुस्थिती पाहू. वजनकाटा एकच आकडा दाखवतो, गेले ते काय गेले हे तो सांगत नाही. नुसते खाणे कमी करून वजन उतरवले, तर उतरलेल्या वजनाचा ढोबळमानाने चौथा हिस्सा चरबीबाहेरचा असतो आणि त्यात स्नायूही असतात. दहा किलो उतरले म्हणून पेढे वाटणाऱ्याच्या अंगातून दोन-अडीच किलो कामाचा ऐवजही गेलेला असू शकतो. हे कुणालाही परवडण्यासारखे नाही. आपल्याकडच्या माणसाला तर मुळीच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात हीच गोष्ट नवजात बाळांत दिसली होती. इथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळे हाडापेराने, स्नायूंनी बारीक, पण कातडीखालची चरबी त्यांनी बऱ्यापैकी राखलेली. म्हणजे आपण जन्मापासूनच स्नायूंच्या बाबतीत गरीब. जेवणातली साखर रक्तातून उचलून साठवण्याचे मोठे काम स्नायूच करतात. म्हणून बारीक दिसणाऱ्या माणसालाही आपल्याकडे मधुमेह होतो, याचे नवल वाटायला नको.

आता आपला उपवास पाहू. ओझर आणि लेण्याद्रीला संकष्टीची गर्दी, भीमाशंकरला श्रावणी सोमवारची, वारकऱ्यांच्या घरी दर पंधरवड्याची एकादशी, नवरात्रात घटाबरोबर नऊ दिवस. या सगळ्यांत ताटात येतो साबुदाणा, भगर, बटाटा, रताळे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, प्रथिन औषधालाही नाही. खिचडीत प्रथिनाच्या नावाने काही असेल तर ते दाण्याचे कूट. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही थट्टा आपणच आपली केलेली आहे, पण थट्टेच्या पोटात शरीरशास्त्र दडलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी स्वयंसेवकांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटले. मग पुन्हा पोटभर जेवण सुरू झाले, तेव्हा चरबी लवकर परतली, स्नायू मागे राहिले आणि काही काळ चरबी मूळच्यापेक्षाही वर गेली. दरवर्षी श्रावणात चार किलो उतरवून दिवाळीत तेवढेच चढवणाऱ्याचा हिशेब याच दिशेने जातो. काटा जवळपास तिथेच राहतो आणि आत स्नायूंच्या जागी हळूहळू मेद बसत जातो.

माझे म्हणणे असे आहे, की यात दोष उपवासाचा नाही. आपण व्रताचा उत्तरार्ध टाकून दिला, दोष त्याचा आहे. शास्त्राने उपवासाला शेपूट म्हणून पारणे जोडलेले नाही. पारण्याशिवाय व्रत पुरेच होत नाही. भागवताच्या नवव्या स्कंधातली अंबरीष राजाची कथा कीर्तनात सगळे ऐकतात, पण तिचा गाभा मात्र दुर्लक्षित राहतो. वर्षभराचे एकादशीव्रत सांगतेला आलेले, द्वादशीची घटका सरत आलेली आणि पाहुणे म्हणून आलेले दुर्वास नदीवर गेलेले. अतिथीआधी जेवावे तर अधर्म, द्वादशी उलटू द्यावी तर व्रतभंग. विद्वानांशी विचार करून राजा पाण्याचा घोट घेतो आणि पारणे साधतो. पुढे सुदर्शन चक्र धावते ते दुर्वासांच्या मागे. उपवास वेळेवर आणि नेमाने सोडण्याला इतके मोल होते, की त्यासाठी एका क्रोधी ऋषीचा रोष पत्करावा लागला. काय सोडायचे हे जेवढे ठरलेले, तेवढेच परत काय आणि केव्हा घ्यायचे हेही ठरलेले. वजन उतरल्यानंतरचे महिने म्हणजे असे लांबलेले पारणेच होय. त्यात स्नायू परत मिळवणे, उरलेले राखणे हा त्या व्रताचाच भाग आहे. तो वगळला तर राहते ती फक्त वजाबाकी.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप वैराग्याच्या बाजूने येतो. देह नाशवंत, त्याला दंड-मांड्या आणणे म्हणजे मायेला खतपाणी घालणे. पार्वतीचेच पहा, पानसुद्धा खाणे सोडले म्हणून ती अपर्णा झाली, आणि तिने तप केले ते याच लेण्याद्रीच्या डोंगरावर, अशी इथली श्रद्धा. आक्षेप खरा आहे, पण दाखला अर्धा आहे. अपर्णेच्या तपाचे सर्वांत सुंदर वर्णन कालिदासाने कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात केले आहे. शरीर हे धर्माचे पहिले साधन, हा आज व्यायामशाळांच्या भिंतींवर रंगवला जाणारा विचार त्याच सर्गातला. बटूच्या वेषात आलेला शंकर तप करणाऱ्या पार्वतीची विचारपूस करतो: समिधा, दर्भ मिळतात ना, पाणी स्नानाजोगे आहे ना, आणि आपल्या शक्तीच्या बेताने तप करतेस ना? त्या शेवटच्या प्रश्नाला पुस्ती म्हणून हे वाक्य येते. म्हणजे ते व्यायामशाळेचे घोषवाक्य मुळीच नाही आणि तपाचा निषेधही नाही. तप करणाऱ्याने शक्तीचा अंदाज घ्यावा, एवढाच त्याचा अर्थ. कुणी म्हणेल, बटू तिची परीक्षा घेत होता, त्याचे बोलणे प्रमाण कसे मानायचे? परीक्षा खरी, पण ती पुढे शंकराची निंदा सुरू होते तेव्हा. ही सुरुवातीची चौकशी कोणत्याही तपोवनात पाहुण्याने करावी अशीच आहे. लेण्याद्रीची कथाही तपावर थांबत नाही. पार्वती आपल्याच अंगाच्या मळापासून मूर्ती घडवते आणि तीच गिरिजात्मज होते. देहाला निव्वळ टाकाऊ मानणाऱ्या धर्मात अशी कथा रुजली नसती. संतांकडे वळावे, तर ओतूरला ज्यांची समाधी सांगतात त्या बाबाजी चैतन्यांना गुरू मानणाऱ्या तुकोबांच्या गाथेतही शरीराला दुःखाचे कोठार म्हणणारा आणि त्याच शरीराला उत्तम म्हणणारा असे दोन्ही सूर आहेत. आपण सोयीने एकच ऐकतो.

दुसरा आक्षेप आरशाबद्दल आहे: हे सगळे दिखाऊपणासाठी चालते. चालते, हे कबूल करायला हवे. नारायणगाव-मंचरच्या रस्त्यांवर व्यायामशाळांच्या फलकांवर जे फुगीर देह दिसतात, त्यांचा धर्माशी संबंध जोडायला मी धजणार नाही. पण नीट पाहिले तर दिखाऊपणाची भूक काटाच जास्त भागवतो. आकडा घटला की लगेच सांगता येतो, फोटो टाकता येतो. त्यानंतरचे स्नायू बांधायचे काम मुकाट्याचे. कित्येक महिने वजन तसेच राहते, सदरा तसाच बसतो आणि बदल दिसतो तो जिना चढताना. आपल्या गावांनी या कामाला जागा दिली होती. जुन्या तालमीत मारुती असायचाच. ब्रह्मचारी आणि बलदंड अशा एका देवात वैराग्य आणि बळ एकत्र नांदते, यात कुणाला विसंगती वाटली नाही. समर्थांनी मारुतींची स्थापना केली तीही बळाची उपासना म्हणूनच. गंमत अशी, की जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला घडण कशाला म्हणतात हे शिकवावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 ला बैलगाडा शर्यतींना कायमची वाट मोकळी करून दिली, तेव्हा घाटांवर गुलाल उडाला. या शर्यतीचा बैल कुणी काट्यावर चढवून पारखत नाही. त्याच्या मांड्या, वशिंड, दम पाहतात. ‘बैलाचे वजन उतरले’ ही गोठ्यात चिंतेची बातमी असते. मालकाचे उतरले की अभिनंदनाची.

तिसरा आक्षेप मला अधिक टोचतो. हा पोटभर जेवणाऱ्यांचा प्रश्न आहे. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी बाईला यातले काय? ती उतारावर भात लावते, झाडावरून हिरडा उतरवते, तो वाळवून व्यापाऱ्याला विकते. तो शहरात त्रिफळ्यात जातो आणि कुणाचा तरी मेद ‘खरवडायला’ वापरला जातो. हिरडा गोळा करणारीच्या अंगावर खरवडायला काही नसते. पण याच कारणाने प्रश्न तिचाही आहे, फक्त उलट बाजूने. अपुऱ्या पोषणाच्या आईच्या पोटी स्नायूंनी बारीक बाळ जन्मते आणि पुढे तेच बाळ शहरात खुर्चीवर बसले, की मधुमेहाच्या वाटेला लागते. कष्टाने स्नायू झिजतात की घडतात हे ताटात काय पडते त्यावर ठरते. तिच्या बाबतीत धर्म म्हणजे भोजनमंडप. चिट यवनाचे दान तिला आजही लागू पडते. उपवासाचा उपदेश मात्र तिला कुणी करू नये.

उरला अहिंसेचा मुद्दा. स्नायू म्हटले की प्रथिने आली आणि प्रथिने म्हटले की अंडी-मांस आले, मग माळकऱ्याने काय करावे? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दररोज दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. वजन उतरवत असताना स्नायू राखायचे तर तज्ज्ञ 1.2 ग्रॅमच्या आसपास किंवा थोडी वर सांगतात. साठ किलोच्या माणसाला म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर ग्रॅम. मटकी, हरभरा, तूरडाळ, शेंगदाणे, दही, ताक यांतून ते जमते, पण सहज नाही. त्यासाठी भाताचा ढीग कमी करून आमटी घट्ट करावी लागते. दुधाचा तर हा मुलूखच. मंचरजवळ पराग मिल्क फूड्सच्या कारखान्यात चीज बनते आणि ते बनवताना निथळणाऱ्या पाण्यातले प्रथिन वाळवून भुकटी करतात. घरोघरी पनीरचे जे पाणी मोरीत ओततात, त्यातही या ऐवजाचा काही अंश असतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारूनच ठरवावेत. आणि प्रथिने नुसती खाऊन स्नायू होत नाहीत, त्यांना ओझे लागते. दोनच वेळा जेवायला सांगणाऱ्या डॉ. दीक्षितांच्या पद्धतीत रोज 45 मिनिटे चालणे आहे, ते हृदयाला उत्तमच. पण स्नायूंना भार उचलायला लावायला हवा. जागतिक आरोग्य संघटनाही चालण्याशिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. जोर-बैठका त्यासाठी आजही पुरेशा आहेत.

हे सारे पाश्चात्य वेड आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय काढून पाहावा. त्यात निंद्य म्हणून आठ प्रकारचे देह सांगितले आहेत आणि त्यांतल्या अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचीच विस्ताराने चर्चा आहे. स्थूल माणसात मेदच तेवढा वाढत जातो, बाकीचे धातू तसे वाढत नाहीत, हे निदान तिथे स्पष्ट आहे. दोघांत कृश बरा, असेही चरक म्हणतो, पण आदर्श तो नव्हे. ज्याचे मांस प्रमाणात आहे आणि बांधा घट्ट आहे, तो आदर्श. अशा माणसाची लक्षणे सांगताना चरक त्याच्या रूपाचा उल्लेख करत नाही. तो भूक सोसतो, तहान सोसतो, ऊन, थंडी आणि श्रम सोसतो, त्याची पचनशक्ती सम असते, असे सांगतो. भूक सोसण्याची ताकद ही तर उपवास करणाऱ्याची पहिली गरज. ती येते प्रमाणात असलेल्या मांसातून, म्हणजे मागच्या पारण्यातून. साठी उलटलेल्या, दर एकादशीला निर्जळ राहणाऱ्या पण जमिनीवरून हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठू न शकणाऱ्या भाविकाला म्हणूनच पुढच्या एकादशीआधी द्वादशीचे ताट बदलायला सांगावे लागेल.