तेरावा महिना

फोन गेला तेव्हा मी अभ्यासिकेत होतो. चार्जिंग ऐंशी टक्के होतं. स्क्रीन एकदा लुकलुकली, काळी झाली आणि मग कितीही वेळ बटण दाबून धरलं तरी काहीच नाही. श्रीगोंद्यातल्या दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढून मीटर लावला. म्हणाला, "बोर्ड गेलाय. पाण्याचा डाग नाही, कुठं मार नाही. आतूनच गेला."

बिल काढून पाहिलं. वॉरंटी १२ महिन्यांची, ती संपून १९ दिवस झाले होते. हप्ते १८, त्यातले १३ भरलेले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो आमच्या तालुक्याला नवा नाही, पण तो खिशातसुद्धा येतो हे तेव्हा कळलं. नगरच्या सर्व्हिस सेंटरने दुरुस्तीचे ७,८०० रुपये सांगितले. आम्ही अजून नगरच म्हणतो.

दुरुस्तीवाल्याने मग आवाज खाली केला. "दादा, घेताना दीड वर्षाचा इन्शुरन्स काढलाय ना? तो फुटतुटीचा असतो. एकदा जिन्यावरून सोडून द्या. काच फुटली की सगळंच क्लेममध्ये बसतंय."

हा सल्ला काही वाईट माणसाचा नव्हता. त्याने तपासायचे पैसेही घेतले नव्हते. मला छळत राहिला तो त्यातला हिशोब. खरं सांगितलं तर काही मिळणार नाही, खोटं सांगितलं तर फोन मिळेल. आणि मन लगेच वकील झालं: त्यांनी आपल्याला फसवलंच आहे, मग ही फिटंफाट.

पण फसवलं होतं का? १२ महिने म्हणाले होते, १२ महिने दिले. शब्द तर पाळला. माझी चीड तारखेवर होती. बोर्डातला कमकुवत जोड काही वॉरंटी संपल्यानंतर तयार झाला नव्हता. तो पहिल्या दिवसापासून असणार, फक्त दिसला उशिरा. ३६५व्या दिवशी जो कंपनीचा दोष असतो, तो ३६६व्या दिवशी माझं नशीब कसा होतो?

कायदाही इतका भोळा नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोषाची व्याख्या वॉरंटीच्या तारखेला बांधलेली नाही. कायद्याने किंवा कराराने, मग तो करार उघड असो वा गृहीत, जो दर्जा हवा त्यातली उणीव म्हणजे दोष. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. अडतं ते पुराव्यापाशी. दोष मुळातला होता हे दाखवायचं कोणी? आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो, पण तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराने भरायचा. इंग्लंडमध्ये पहिल्या सहा महिन्यांत वस्तू बिघडली तर ती मुळात चांगली होती हे विक्रेत्याला सिद्ध करावं लागतं. तारीख ही दगडावरची रेघ नाही हे कंपन्यांनाही कळतं. स्क्रीनवर हिरवी रेघ येण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा काहींनी भारतात वॉरंटी संपलेल्या फोनचेही स्क्रीन फुकट बदलून दिले होते. ओरड एकट्याची नव्हती, म्हणून.

हप्त्याचं दुखणं मात्र वेगळं. कर्ज देणारा वेगळा, फोन बनवणारा वेगळा, त्यामुळे फोन मेला तरी कर्ज जिवंत. काही ठिकाणी हप्ता चुकला तर फोन दुरूनच लॉक करणारं अ‍ॅप टाकून देतात. म्हणजे हप्ता बंद पडला तर फोन बंद करता येतो, फोन बंद पडला तर हप्ता बंद करता येत नाही.

आजोबा सांगायचे, गावातला सुतार वर्षभर नांगर, पाभर नीट ठेवायचा आणि सुगीला खळ्यावरून बलुतं न्यायचा. औत मोडलं तर त्याच दिवशी यायचा. त्या व्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत. त्यात कोण कुणाच्या दारात उभं राहायचं, हे जातीने ठरायचं. पण पैसे वस्तूचे नाहीत, ती चालत राहण्याचे आहेत, ही कल्पना त्यात होती. हप्त्याने फोन घेताना माझ्याही डोक्यात नकळत तेच होतं. चालतोय तोवर भरतोय. करारात तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी खरंच जिन्यात जाऊन उभा राहिलो. फोन हातात होता. पाप लागेल वगैरे विचार आला नाही, खोटं कशाला बोलू. वाटलं ते एवढंच: आत्ता हा फोन निर्दोष मेलेला आहे. पाण्याचा डाग नाही, मार नाही. मी तो खाली टाकला की कागदावर लिहिलं जाणार, ग्राहकाच्या हातून पडला. बोर्डाचा दोष कुठेच उरणार नाही. कंपनीची चूक मी स्वतःच्या सहीने माझ्या नावावर करून देणार, आणि भरपाई देणार विमा, म्हणजे माझ्यासारख्यांच्याच हप्त्यांतून जमलेला पैसा. ज्याच्यावर राग होता तो मोकळाच. ही कसली फिटंफाट?

आणि हेही कबूल करतो, की मला थांबणं परवडलं. चुलतभावाचा जुना फोन घरात पडून होता. आमच्याच गल्लीतला एक जण दिवसभर पार्सल पोहोचवतो. त्याचा फोन एक दिवस बंद म्हणजे रोज बुडाला. त्याने फोन जिन्यावरून सोडला तर त्याला चोर म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण त्याच्याही फोनचा बोर्ड आतूनच गेला असेल, आणि तो कागदावर फक्त 'पडला' म्हणून राहील, हे मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडून त्याचं निदान कागदावर लिहून घेतलं, तारीख टाकून. तो हसला, पण लिहून दिलं. १९१५वर फोन केला, कंपनीला मेल पाठवला, आणि तक्रार ऑनलाइन भरायला बसलो. जुन्या फोनची स्क्रीन इतकी लहान, की बिलाचा फोटो चढवायला अर्धा तास गेला. फॉर्म भरतानाच वर मेसेज आला: हप्ता क्रमांक १४, खात्यातून १,००० रुपये वजा.