कोराडीची माय आणि दीक्षाभूमीचा रस्ता

आश्विनातल्या पहिल्या दहा दिवसांत नागपूरला दोन मोठ्या गर्द्या लोटतात. एक शहराच्या उत्तरेला, कोराडीच्या महालक्ष्मी जगदंबेकडे जाते. दुसरी दसऱ्याला दीक्षाभूमीवर येते. दोन्हींत लहान लेकरं असतात, म्हाताऱ्याकोताऱ्या असतात. ‘देव’ म्हणजे काय, असं विचारलं तर उत्तरं मात्र जुळत नाहीत. मला वाटतं, मुळात ती एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत.

कोराडीत वीज केंद्राची उंच धुराडी दिसू लागली की बायका हात जोडतात. देवी सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी प्रौढा दिसते, अशी इथली श्रद्धा. नवरात्रात भाविक आपल्या नावानं अखंड ज्योत लावतात. कुणाच्या लेकीला दिवस गेलेले असतात, कुणाच्या पोराला नोकरी हवी असते. ज्योतीकडे बघत एखादी बाई पुटपुटते, ‘माय, पाहून घेजो वं.’ तिच्या लेखी देव म्हणजे गाऱ्हाणं ऐकणारी माय. विश्व कुणी निर्माण केलं, हा प्रश्न तिनं विचारलेलाच नसतो. तिला देवाच्या अस्तित्वाचे पुरावे मागणं म्हणजे तिचं बोलणं न ऐकणं.

पण देव म्हणजे काय, हा वाद फक्त आस्तिक-नास्तिकांचा नाही. विदर्भात महानुभाव पंथाची घरं पुष्कळ. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार नित्य पदार्थ सांगितले. देवता आहेत, त्या फळही देतात. मोक्ष मात्र परमेश्वरच देतो. म्हणजे शेजारीण जिला देव म्हणते, तिला महानुभाव माणूस देवता म्हणेल आणि तिथं थांबेल. त्याची श्रद्धा तिच्याइतकीच पक्की आहे. त्याला हवं आहे ते वेगळं. नागपूर वसवणारा बख्त बुलंद ज्या गोंडांचा राजा, त्यांच्यात चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळं असतात. समान देवसंख्येच्या कुळांत सोयरीक होत नाही. तिथं देव म्हणजे नात्यागोत्याची व्यवस्थासुद्धा.

आणि मग दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमी. बाबासाहेब आंबेडकरांनी इथं बौद्ध धम्म स्वीकारताना अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. त्याआधी २ मार्च १९३० रोजी नाशिकला दलितांच्या प्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता आणि तो काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. या माणसांनी देवाची व्याख्या पोथीत शोधली नाही, देवळाच्या उंबरठ्यावर अनुभवली. देवाच्या नावानं माणसाला माणूसपण नाकारलं जातं की नाही, हा त्यांचा प्रश्न. माझ्या मते या सगळ्या प्रश्नांत सर्वांत गंभीर हाच, कारण त्याचं उत्तर देवाला नव्हे, आपल्याला द्यायचं आहे.

म्हणूनच ‘शेवटी सगळे देव एकच’ हे गोड वाक्य मला पटत नाही. त्यानं महानुभावाचा विचार पुसला जातो, गोंडाची सोयरीक पुसली जाते आणि उंबरठ्यावर अडवलेल्यांचा इतिहासही. भांडण मिटवण्याची घाई झालेल्यांचं ते वाक्य आहे.

यंदा फराळाच्या ताटाभोवती हा विषय निघालाच, तर देव आहे की नाही इथून सुरुवात करू नका. समोरच्याच्या आजोबांना देवळात कुठपर्यंत जाऊ देत होते, ते आधी विचारा.