शिलोहाचा बुरूज आणि मानमोडीची साथ

शास्त्रपाठ : लूक 13:1–5



शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली. ज्यांवर असे संकट आले ते इतरांहून अधिक पापी असावेत, असा त्या काळी लोकांचा समज असे. प्रभूने तो समज साफ खोडून काढिला, आणि लागलीच ऐकणाऱ्यांस पश्चात्तापाचे बोलावणे केले. मेलेल्यांस दोष नाही. मग जिवंतांनी पश्चात्ताप तो कशाचा करावा? सन 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीवरून, जिला आपल्या खेड्यांत मानमोडी म्हणत, हे आपणांस उमजेल.

त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस सैनिकांस घेऊन एक जहाज मुंबई बंदरास लागले. 10 जून रोजी सात पोलीस शिपाई तापाने पडून इस्पितळात आले. नगरपालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनी त्या जहाजाकडे बोट दाखविले. पुढे साथ ओसरली; परंतु सप्टेंबरात ती अधिक उग्र होऊन परतली, आणि 6 ऑक्टोबर या एकाच दिवशी मुंबईत 768 माणसे मृत्यू पावली.

त्याच सप्टेंबरात अमेरिकेत कॅम्प डेव्हन्स नामक छावणीत महायुद्धासाठी कवाईत शिकणारे धट्टेकट्टे तरुण हजारोंनी अंथरुणास खिळले. विल्यम वेल्च यांसारखे नामांकित डॉक्टर तेथे गेले. त्यांनी प्रेते उघडून पाहिली, तो फुप्फुसे रक्तमिश्रित पाण्याने भरलेली! पण रोगाचे मूळ कोणास सापडेना. माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडला तो पुढे 1933 साली. रोग हटविणारे औषध लष्करी डॉक्टरांपाशी नव्हते. तरी ते व परिचारिका रोग्यांस सोडून गेल्या नाहीत. अंथरूण, पाणी, शुश्रूषा एवढेच त्यांच्या हाती होते, आणि तेवढे ते देत राहिले. कित्येकांनी त्यात आपले प्राणही दिले.

ते तरुण शिपाई इतरांहून पापी होते काय? मुळीच नाही. आता मुंबईकडे पाहा. त्या साथीत शहरातील युरोपियनांत हजारी सुमारे 8 माणसे मेली; आणि ज्यांस अस्पृश्य म्हणून दूर ठेविले होते, त्यांच्यांत हजारी 61 हून अधिक. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे याच लोकांतले. ते सातपटींहून अधिक पापी होते काय? बंधूंनो, तापाने कोणाची जात विचारिली नाही. पण पाऊस बुडाला होता, धान्य महागले होते, परळ-लालबागच्या गिरण्यांभोवती एकेका कोंदट खोलीत दाटीने माणसे राहत होती, आणि कित्येक डॉक्टर युद्धावर गेले होते. उपाशी देहास पेज नव्हती, तहानेल्यास पाणी पाजणारा हात नव्हता. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक साहाय्यास निघाले, परंतु संकट फार मोठे होते.

तर पश्चात्ताप हा की, बुरुजाखाली कोण राहतो हे ठाऊक असून आम्ही स्वस्थ बसलो.

उपदेशक बंधूंनो, घरात ताप शिरला म्हणजे कोणी देवीचा कोप म्हणतो, आपल्यांतलाही कोणी म्हणतो, “याचे काही पाप असेल,” किंवा “प्रार्थना केली, आता डॉक्टर कशाला?” हे शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, याचा विसर पडू देऊ नका. रोग्याच्या पापाची चौकशी करू नका. त्याच्या घागरीत पाणी आहे की नाही ते पाहा. तोंडास फडके बांधून जा, त्यास वेगळे निजवा, खिडकी उघडा, पेज पाजा, आणि श्वास लागला तर विलंब न करिता दवाखान्यात न्या. मग त्याच्या उशाशी बसून प्रार्थना करा. आणि गावकुसाबाहेरचे शेवटचे घर प्रथम गाठा.

रोग बरा करण्याची विद्या प्रत्येकास नसेल. परंतु रोग्यास एकटे न सोडण्याची आज्ञा प्रत्येकास आहे. ती पाळण्यास देवबाप आपणांस बळ देवो. आमेन.