झांकून ठेविलेलें दुखणें

शास्त्रपाठ : मार्क ५ : २५–३४



आजच्या पाठांत एक बाई आहे. तिचें नांव, गांव किंवा कूळ शुभवर्तमानकारानें लिहून ठेविलें नाहीं. दुखणें मात्र स्पष्ट लिहिलें आहे. बारा वर्षें तिच्या अंगावरून रक्त जात होतें. पुष्कळ वैद्यांच्या हातून तिनें सोसलें, जवळ होतें नव्हतें तें खर्चिलें, आणि गुण येण्याऐवजीं रोग बळावला. लेवीय १५ व्या अध्यायाप्रमाणें अशी स्त्री अशुद्ध गणली जाई. ती ज्यावर बसे तें आसनही अशुद्ध ठरे. म्हणून ती गर्दींत मागून आली आणि प्रभूच्या वस्त्रास हळूच शिवली.

ती तत्काळ बरी झाली. याईराची मुलगी मरणास टेंकली होती, घाई होती. प्रभु तसाच पुढें जाता तर कोणी दोष दिला नसता. तरी तो थांबला व आपणांस कोण शिवलें असें विचारूं लागला. कां बरें? तिला लाजवावें म्हणून नव्हे. शरीराचा रोग गेला होता, पण बारा वर्षांची लाज अजून उरली होती. ती कांपत पुढें आली व तिनें सर्व खरें सांगितलें. त्यानें तें ऐकून घेतलें, कन्या म्हणून तिला हांक मारिली आणि शांतीनें पाठविलें. स्त्रीच्या शरीराचें दुखणें चारचौघांत ऐकावयास देवाच्या पुत्राला संकोच वाटला नाहीं. मग तो आम्हांस कां वाटावा?

ही गोष्ट परदेशाची व फार जुनी असें कोणी म्हणूं नये. बुवापाड्याच्या माणसानें अंबरनाथास गाडी धरली, तर मुंबईच्या बाजूस तिसरें स्टेशन कल्याण. त्या कल्याणांत १८६५ सालीं एक मुलगी जन्मली. माहेरचें नांव यमुना, सासरचें आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षीं लग्न झालें, चौदाव्या वर्षीं बाळंतपण. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. हें दुःख आनंदीबाईंनीं दैवाच्या माथीं मारून झांकून ठेविलें नाहीं. वैद्यकीय मदत मिळती तर मूल वांचतें, हें त्यांनीं ओळखिलें. १८८३ सालीं बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजांत त्यांनीं भर सभेंत सांगितलें कीं, या देशाच्या स्त्रियांना स्त्री डॉक्टर पाहिजेत, म्हणून आपण अमेरिकेस जातों. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत त्यांनीं प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला व ११ मार्च १८८६ रोजीं पदवी घेतली. परंतु क्षयानें त्यांस गांठलें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, पुण्यास त्यांचा अंत झाला.

या चरित्रांत आम्हां ख्रिस्ती लोकांसाठीं एक आरसा आहे. त्यांचे पति गोपाळराव यांनीं वाइल्डर नांवाच्या मिशनरी गृहस्थांस मदतीसाठीं लिहिलें, तेव्हां उत्तरांत ख्रिस्ती होण्याची गोष्ट निघाली. तें त्या उभयतांनीं मान्य केलें नाहीं. तो पत्रव्यवहार मासिकांत छापला गेला व न्यू जर्सी प्रांतांतील कार्पेंटर नांवाच्या बाईंनीं वाचला. त्यांनीं अट न घालतां पत्र लिहिलें आणि पुढें आनंदीबाईंस आपल्या घरीं उतरवून घेतलें. आनंदीबाई अखेरपर्यंत हिंदूच राहिल्या. तरी त्यांच्या रक्षेस कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत जागा मिळाली. आमच्या पाठांतील बाईस प्रभूनें आधीं बरें केलें, मग तिचें बोलणें ऐकलें. त्याची रीत या दोन उत्तरांपैकीं कोणत्या उत्तरांत दिसते, हें ज्यानें त्यानें ओळखावें.

आतां तीन बोध ध्यानांत घ्या.

पहिला, दुखणें झांकूं नका. पाळींत फार रक्त जाणें, पाळी थांबून वर्ष लोटल्यावर पुन्हां रक्त दिसणें, गर्भ वारंवार पडणें, हीं बायकांचीं नेहमींचींच दुखणीं म्हणून सोडून देऊं नयेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या १०० स्त्रियांपैकीं ५७ जणींच्या अंगांत रक्त कमी आढळलें. गरोदरपणीं रक्तस्राव, झटके, तोंडावर सूज येऊन डोकें फार दुखणें, ताप, किंवा कळांपूर्वीं पाणी जाणें, यांपैकीं एकही चिन्ह दिसलें तर सकाळची वाट न पाहतां १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर बायांची तपासणी फुकट होते.

दुसरा, दोष एकटीच्या माथीं मारूं नका. वर्षभर एकत्र राहून गर्भ राहिला नाहीं, तर पति व पत्नी दोघांनींही तपासून घ्यावें. कारण पुष्कळदां पुरुषांत असतें, कधीं दोघांतही. आणि गर्भनलिका बंद करणारा क्षय आमच्या देशांत अजून आहे. पत्नीस वांझ म्हणून दुसरें लग्न करणारा मनुष्य स्वतः तपासणीस गेला होता काय? हन्नेस मूल नव्हतें, तें पापामुळें असें शास्त्र कोठेंच म्हणत नाहीं. तिला टोंचून बोलणाऱ्या पनिन्नेचें वागणें मात्र तें आम्हांपुढें ठेवितें. नामकरणाच्या दिवशीं जिला मागें बसवितात, तिच्या मनांत काय होत असेल तें मंडळीनें जाणावें.

तिसरा, डॉक्टराकडे जाणें अविश्वास नव्हे. लूक स्वतः वैद्य होता. गंडा-दोरा व भगताचा अंगारा मात्र सोडा. त्यांत पैका जातो आणि वेळही जातो. पण औषधाच्या नांवानेंही फसगत होते हें विसरूं नका. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हां १३ हजारांहून अधिक बायांची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. पुष्कळ जणींस कर्करोगाची भीति घातली गेली होती. पाळीमुळें मजुरी बुडूं नये हाही धाक होता. शस्त्रक्रिया सांगितली तर दुसऱ्या डॉक्टराचें मत घ्या. पाठांतील बाईनेंही अनेक वैद्यांकडून सोसलें होतें, हें लक्षांत असूं द्या.

उपदेशक बंधूंनो, एली याजकानें हन्नेचे ओंठ हलतांना पाहून ती प्याली आहे असें ठरविलें. पण तिनें आपलें दुःख सांगतांच त्यानें ऐकलें व तिला आशीर्वाद दिला. तुम्हांपुढें कोणी भगिनी मान खालीं घालून बसली, तर न्याय करण्याची घाई करूं नका. आपल्या पत्नीस किंवा मंडळींतील एखाद्या वडील बाईस तिच्याजवळ बसवा. तिची गोष्ट गांवभर होऊं देऊं नका. आशाताईकडे, दवाखान्यांत तिच्याबरोबर जा. प्रार्थना अवश्य करा. परंतु मूल होईलच असें वचन देऊं नका, कारण तें देवानें प्रत्येकीस दिलेलें नाहीं. यशया ५६ व्या अध्यायांत तो अपत्यहीनांस आपल्या घरांत पुत्रकन्यांहून उत्तम नांव देईन असें सांगतो. ज्या मंडळींत अशा भगिनीस तें नांव व मान मिळत नाहीं, तिनें हा अध्याय पुन्हां वाचावा.

जो गर्दींतही एका कांपत्या हाताचा स्पर्श ओळखतो, तो प्रभु आमच्या घरांतील दुखऱ्यांस बोलण्याचें धैर्य देवो, आणि आम्हांस ऐकणारे कान देवो. आमेन.