दार उघडण्यापूर्वी



घरी बसून काम करणाऱ्या माणसाने अंगावर काय घालावे, हा प्रश्न पूर्वी कोणी या पानांवर मांडला असता तर आपण हसला असता. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, कचेऱ्याच घरांत शिरल्या आणि तेव्हापासून हा प्रश्न पुष्कळांचा झाला. माझा मात्र तो जुनाच आहे. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम मी अनेक वर्षे घरातच करीत आलो आहे, आणि माझे घर भिलाईच्या रुआबांधा भागात आहे. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तेव्हापासून या गावाचा दिवस पाळ्यांच्या हिशेबाने चालतो. शेजारचे गृहस्थ पहाटे शिरस्त्राण व जाड बूट घालून पहिल्या पाळीला निघतात. काय घालावे हा विचार त्यांना करावाच लागत नाही. वितळलेल्या लोखंडापुढे तो प्रश्न उरत नाही. मी त्याच वेळी गंजीफ्रॉक व लुंगी अशा वेषात हिब्रू कोश उघडून बसलेला असे.

यात मला काही वावगे वाटत नसे. उलट, ही साधी राहणी आहे अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मनुष्य बाहेरचे स्वरूप पाहतो आणि परमेश्वर हृदय पाहतो, हे शमुवेलाने इशायाच्या घरी ऐकलेले वचन (१ शमुवेल १६:७) मला तोंडपाठ होते. आळसावर पांघरूण घालण्यासाठी शास्त्रवचनाचा असा उपयोग इतरांनी केला असता, तर मी त्यांना चांगलेच सुनावले असते!

पुढे आमच्या भाषांतर समितीच्या बैठका संगणकाच्या पडद्यावर होऊ लागल्या. मग मी कमरेच्या वर इस्त्रीचा सदरा आणि कमरेखाली लुंगी अशी तडजोड केली. आपल्यापैकीही काहींनी ती केली असेल. बैठक संपली की सदरा उतरे.

१९२१ नव्हे, २०२१ चा एप्रिल. शंभर वर्षांपूर्वीच्या साथीविषयी आपण वाचले होते. ही साथ दारात आली होती. दुर्ग जिल्ह्यात दुसऱ्या लाटेने कहर मांडला होता आणि पुन्हा टाळेबंदी लागली होती. एका दुपारी बैठक आटोपून मी नुकताच सदरा काढून धुण्यात टाकला होता, तोच दार वाजले. मागच्या गल्लीतील एक मुलगा होता, सोळा-सतरा वर्षांचा. वडिलांना धाप लागली आहे, रुग्णवाहिका येत आहे, आईने फाटकाबाहेरूनच का होईना प्रार्थना करायला बोलावले आहे, असे तो दाराबाहेरून सांगत होता. मी आतूनच म्हणालो, "थांब बाळा, आलोच." मग विजार शोधली. बरा सदरा सापडेना, सापडला त्याला बटण नव्हते. दार उघडले तेव्हा गल्लीत कोणी नव्हते. गाडी निघून गेली होती. तो गृहस्थ परत आला नाही.

मला त्याच्या जवळ जाऊ दिले नसते, हे खरे आहे. फाटकावरून चार शब्द बोलता आले असते, हेही खरे आहे. सकाळी दहा वाजता पडद्यावरील चौकोनांत बसलेल्या विद्वानांसाठी मी नीटनेटका होतो. दुपारी दार ठोठावणाऱ्या पोरासाठी नव्हतो.

वाचकहो, यात माझा अपराध नेमका कोणता? आपण म्हणाल, लुंगीवरच धावत जायला हवे होते. बरोबर आहे. त्या क्षणी कपड्यांचा विचार करणे हीच चूक होती. तरीही प्रश्न तेवढ्यावर संपत नाही, कारण शोक करणाऱ्या घरासमोर उघड्या अंगाने उभे राहण्याचा संकोच हा निव्वळ दिखाऊपणा नसतो. त्या घराचा मानही त्यात असतो. तो संकोच मला त्या दिवशी आडवा आला, कारण सकाळी मी त्याची काहीच सोय केली नव्हती.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात (२१:७) पेत्र मासे धरीत आहे. किनाऱ्यावर प्रभू आहे असे कळताच तो बाहेरचे वस्त्र अंगाशी बांधतो आणि पाण्यात उडी घेतो. पोहायला निघालेला मनुष्य कपडे काढतो, हा घालतो! मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'नग्न' असा आहे, पण कामासाठी वरचे कपडे उतरवलेल्या माणसासही तो लावीत. आपल्या मराठीत त्याला 'उघडा' हा नेमका शब्द आहे. शेतात नांगर धरणारा उघडा असतो, त्यात लाज नाही. मला त्या प्रसंगात अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की पेत्राचे वस्त्र हाताशी होते. त्याला ते धुण्यात शोधावे लागले नाही.

आता सोय आणि शोभा यांविषयी. शोभेची वस्त्रे शास्त्राला वर्ज्य नाहीत; अहरोनाची वस्त्रे गौरवासाठी व सौंदर्यासाठीच होती (निर्गम २८:२). पण वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, तो परमपवित्र स्थानात जाई तेव्हा साधी तागाची वस्त्रे घाली (लेवीय १६:४). त्या वेळी मंडपात दुसरे कोणी नसे. जेथे पाहणारा मनुष्य नाही, तेथे जर नाही, रत्ने नाहीत, पण गबाळेपणाही नाही. यहेज्केल तर याजकांना घाम आणणारे काही नेसू नका असे बजावतो (४४:१८). मे महिन्यात रुआबांध्यात पंख्याखाली बसून हे वचन मराठीत आणताना मला त्या संदेष्ट्याविषयी फार आपुलकी वाटली होती.

येथे एक धोका आहे. शास्त्राच्या कामासाठी वेगळी, धूतवस्त्रे म्हटली की आपल्या समाजाला लगेच सोवळे आठवते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सोवळ्याओवळ्याची पकड किती चिवट असते हे सांगायला नको. लेवीयातील तागही एका अर्थी सोवळेच होते, हे मी नाकारीत नाही. पण काम होताच महायाजक ती वस्त्रे तेथेच उतरवून ठेवी आणि लोकांमध्ये बाहेर येई. सोवळ्यातला माणूस म्हणतो, मला शिवू नका. मला हवे होते ते वस्त्र याच्या उलट जातीचे.

इटलीतील माकियावेली १५१३ च्या डिसेंबरात एका मित्राला लिहितो की, संध्याकाळी चिखलाचे कपडे उतरवून, दरबारी पोशाख चढवून मी अभ्यासिकेत जातो आणि प्राचीन ग्रंथकारांशी बोलतो. हे पत्र अभ्यासू लोकांना फार आवडते, मलाही आवडे. अलीकडे मात्र त्यातील दिवसाचा भाग डोळ्यांत खुपतो. लाकूडतोडे, खानावळवाला, खाटीक, गिरणीवाला यांच्या वाट्याला चिखल, आणि मेलेल्यांच्या वाट्याला पोशाख! माझ्या पडद्यावरच्या इस्त्रीची जात हीच होती.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण वेगळे आहे. केडगावच्या मुक्तीसदनात त्यांचे घर, शाळा, छापखाना आणि भाषांतर हे सर्व एकाच आवारात होते. हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्याचे काम त्यांनी १९२२ च्या एप्रिलमधील आपल्या मृत्यूपर्यंत केले. ते छापून १९२४ मध्ये निघाले. त्यांचा वेष म्हणजे साधे पांढरे सुती लुगडे. कोशासमोर बसायला तेच आणि एखाद्या पोरक्या मुलीला जवळ घ्यायलाही तेच.

खरे तर घरी काम करणाऱ्यांचा हा प्रश्न आपल्या बायकांनी कधीच सोडवला आहे. त्यांना टाळेबंदीची वाट पाहावी लागली नाही. आमच्या घरी दाराजवळच्या खुंटीवर एक ओढणी कायम लटकलेली असते. पत्नी चुलीपाशी गाऊनवर असते, दार वाजले की जाता जाता ओढणी खांद्यावर येते आणि दार उघडते. इतकी वर्षे ती ओढणी माझ्या डोळ्यांसमोर होती. कंबर बांधून, दिवे लावून, धनी येऊन ठोठावताच लगेच दार उघडणाऱ्या चाकरांचा दाखला (लूक १२:३५-३६) मी तिच्यापासून दहा पावलांवर बसून भाषांतरित केला होता.

आता मी सकाळी स्नान करून खादीचा अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि सैल लेंगा घालतो. सदरे तीन आहेत. कांजी नाही, धुऊन धुऊन मऊ झालेले, पण बटणे शाबूत. फार उकडले तर सदरा काढतो आणि ओढणीशेजारच्या खुंटीला लावतो.

तो मुलगा आता कारखान्यात कंत्राटी कामावर आहे. त्या दुपारविषयी मी त्याची क्षमा मागितली, तेव्हा त्याने मान खाली घालून "असू द्या, काका" एवढेच म्हटले. मागच्या आठवड्यात, आईच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज भरून घ्यायला तो आला होता. दार वाजताच मी उघडले. पाळी संपवून तसाच आला होता, कपड्यांवर काजळी होती, म्हणून खुर्चीवर बसायला संकोचत होता. मी त्याला हात धरून बसवले. अर्ज भरून होईपर्यंत त्याने माझ्या सदऱ्याकडे एकदाही पाहिले नाही.