‘कधीकधी’ची हद्द

चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचं संजीवनी बेट आहे. तिथल्या वनौषधींसाठी लांबलांबची माणसं येतात. एप्रिल २०२५मध्ये मात्र तालुक्याचं नाव भलत्याच मालामुळं गाजलं. महसूल गुप्तचर संचालनालयाच्या पथकानं रोहिणा गावच्या डोंगराळ शिवारात छापा घातला, ११.३६ किलो मेफेड्रोन ऊर्फ ‘एमडी’ हा अमली पदार्थ पकडला आणि ७ जणांना अटक केली. किंमत सुमारे १७ कोटी. मुंबईच्या पार्ट्यांमधली म्हणून ऐकलेली ‘एमडी’ आपल्याच तालुक्यात तयार होत होती.

चार दिवस टपरीवर टोळीची आणि कोटींची चर्चा झाली. त्याच टपरीवरचा एक प्रश्न मात्र कुणी काढत नाही: आपल्यातला जो शनिवारी ‘बसतो’, त्याचा हा नाद आहे की व्यसन?

शौक, नाद, व्यसन हे मराठीतले तीन शब्द एकाच उतारावरचे आहेत. नाद भजनाचाही असतो, कबड्डीचाही. ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ मात्र संकट असा आहे. पहिल्या दोन शब्दांवर लोक हसतात. तिसरा उच्चारला की मैत्री तुटेल अशी भीती वाटते, म्हणून तो लांबणीवर पडत जातो.

जो एकदा ओढतो तो वाया जातो, हेही खरं नाही. दिल्लीच्या एम्सनं केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे ३.१ कोटी निघाले; त्यांतल्या ७२ लाखांना मदतीची गरज होती. दारू पिणारे १६ कोटी आणि त्यांतले ५.७ कोटी अडचणीत. म्हणजे परवान्यानं विकली जाणारी बाटलीच जास्त माणसं पाडते. भाषण ठोकणाऱ्याला हे ठाऊक नसलं, तरी ओढणाऱ्याला आजूबाजूला दिसत असतं. म्हणून तो भाषण ऐकत नाही.

मग हद्द ओळखायची कशी? अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या नियमावलीत ११ खुणा आहेत. वर्षभरात दोन-तीन जुळल्या तर सौम्य त्रास, सहा किंवा जास्त जुळल्या तर गंभीर. ‘किती घेतोस’ यापेक्षा त्या वेगळंच विचारतात. ठरवल्यापेक्षा जास्त होतं का? सोडायचं ठरवून सुटत नाही का? तलफ येते का? कामं, खेळ, माणसं सुटत चालली का? कट्ट्यावर हे सगळं फार साधं दिसतं. व्हॉलीबॉलला येणं बंद होतं. हातउसने पैसे तीनदा नेले जातात, तीन वेगळ्या कारणांनी. एमडी असेल तर रात्र-रात्र झोप नसते आणि पुढचे दोन दिवस गडी कोमेजलेला असतो. घरच्यांच्या आधी हे मित्राला कळतं, कारण खोटं बोलायची पहिली तालीम मित्रावरच होते.

इथं बहुतेक मित्र दोनपैकी एक करतात: हसून सोबत बसतात, नाहीतर नंबर ब्लॉक करतात. मधली वाट कंटाळवाणी आहे. सकाळी, तो शुद्धीत असताना, एकट्यानं गाठायचं. ‘तू बेवडा झालास’ म्हणायच्या ऐवजी पाहिलेलं सांगायचं: “लेका, तू भावाच्या हळदीलाबी आला नाहीस. मला काळजी वाटायली.” रोख द्यायची नाही, दवाखान्यापर्यंत बसचं तिकीट काढून सोबत जायचं. खोलीत कोंडून ‘सोडवायचा’ उद्योग तर नकोच. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. पोलिसांची धास्ती असेल, तर अमली पदार्थ कायद्याचं कलम ६४ अ माहीत असावं: अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण मिळतं. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे; मित्रानंही फोन केला तरी चालतो.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६मध्ये उभं राहिलं. अनिल अवचटांनी ‘गर्द’ या अमली पदार्थाबद्दल लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचटांनी काम उभारलं. गर्दुल्ल्यांच्या भाषेतली ‘टर्की’, म्हणजे माल न मिळाल्यावरची अंगाची तडफड, काही दिवसांत उतरते. अवघड असतं ते घरी परतल्यावरचं.

१९७०च्या दशकात ली रॉबिन्स या संशोधिकेनं व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास केला. तिथं सुमारे २० टक्के सैनिक हेरॉइनसारख्या मालाच्या आहारी गेले होते. मायदेशी आल्यावर वर्षभरात त्यांच्यातले जेमतेम ५ टक्के पुन्हा अडकले. युद्ध मागं पडलं होतं, माल देणारा आणि सोबतीला बसणारा, दोघंही समुद्रापार राहिले होते.

केंद्रातून चाकूरला परतणाऱ्या पोराचं व्हिएतनाम मात्र टपरीवरच असतं, तेच बाकडं, तीच संध्याकाळ सातची वेळ. त्या वेळेला फटफटी घेऊन कुणी दारात उभं राहिलं आणि गाडी टपरीपुढून न थांबता वडवळच्या रस्त्याला लागली, तर तेवढी एक संध्याकाळ निभते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात वाजतात.