आकड्यांची साक्ष

सामन्याचे आकडे संघाच्या कामगिरीचे कारण सांगतात, की तिचे केवळ वर्णन करतात? हा प्रश्न मैदानापुरता नाही. माणसाच्या कर्तृत्वाचा निवाडा कशाच्या आधारे करावा, हा त्याचा गाभा आहे.

२१ जानेवारी २०२३ रोजी रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना झाला. न्यूझीलंडचे पाच फलंदाज १५ धावांत परतले, डाव १०८ धावांत आटोपला आणि भारताने आठ गडी राखून विजय मिळवला. आघाडी कोसळली म्हणून संघ हरला, असे म्हणणे सोपे; परंतु ती का कोसळली, हा प्रश्न तसाच उरतो. मोहम्मद शमीचे १८ धावांतील तीन बळी धावफलकात नोंदले जातात. चेंडू सोडावा की खेळावा, ही फलंदाजाच्या मनातील क्षणभराची द्विधा तेथे उमटत नाही.

मग आकडे निरर्थक मानावेत काय? तसे नव्हे. तीनच दिवसांपूर्वी हैदराबादला याच संघाने ६ बाद १३१ अशा अवस्थेतून ३३७ पर्यंत मजल मारली होती. मायकेल ब्रेसवेलने १४० धावा केल्या. सामना अवघ्या १२ धावांनी निसटला. रायपूरवरून कोणी ‘या संघात जिद्दच नाही’ असा निष्कर्ष काढला, तर हैदराबादचा आकडा तो खोटा पाडतो.

आकडा खरे कारण क्वचितच सांगतो. अन्यायकारक कारण मात्र टिकू देत नाही. तो न्यायाधीश नव्हे, साक्षीदार आहे; आणि एकाच साक्षीवर कोणालाही दोषी ठरवणे हा न्याय नव्हे.